लाइव्हचा आवाज लहान-मोठा होतो, दोष नेटवर्कचा नाही

हळदीला डीजे दणाणतो आणि लाइव्ह बघणाऱ्याच्या मोबाइलचा स्पीकर फाटतो. दुसऱ्या दिवशी मंगलाष्टका सुरू झाल्या, की तोच आवाज इतका बारीक होतो की मोबाइल कानाला लावून बसावं लागतं. लग्न असो, जत्रा असो की गणपतीची मिरवणूक, गावाकडच्या लाइव्हबद्दलची ही तक्रार आता नेहमीची झाली आहे.

लाइव्ह आता नुसती हौस राहिलेली नाही. पुण्या-मुंबईत सुट्टी न मिळालेली पोरं, सीमेवरचा जवान, अंथरुणाला खिळलेली आजी यांच्यासाठी लग्न म्हणजे मोबाइलवर जेवढं दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच. जत्रेत वर्गणीदारांची नावं पुकारतात. बाहेरगावाहून पैसे पाठवणाऱ्याला आपलं नाव ऐकू आलं नाही तर त्याचं मन खट्टू होतं. मग कार्यक्रम संपल्यावर वाद होतो. शूटिंगवाल्याचे पैसे कापले जातात. तो डीजेवाल्याकडे बोट दाखवतो आणि डीजेवाला नेटवर्ककडे.

नेटवर्क की जोडणी?

यातला फरक ओळखायला सोपा आहे. नेटवर्क कमी पडलं तर आवाज तुटतो, अडकतो आणि सोबत चित्रही थांबतं. चित्र नीट चालू आहे, पण आवाज कधी मोठा, कधी बारीक होतोय, तर गडबड जोडणीत आहे.

बऱ्याच ठिकाणी मोबाइल स्टँडवर लावून त्याच्याच माइकवर लाइव्ह चालतं. मोबाइलचा माइक आवाज आपोआप कमी-जास्त करतो. बेसचा दणका बसला की तो सगळाच आवाज दाबतो, त्यात बोलणाऱ्याचा आवाजही जातो. गाणं थांबलं की तोच माइक आवाज वाढवतो आणि मांडवातल्या गप्पा, भांड्यांचा खडखडाट, जनरेटरची घरघर ऐकू येते.

काही जण डीजेच्या कंट्रोलरमधून वायर घेऊन थेट मोबाइलच्या पिनला जोडतात. तिथे दुसरी अडचण येते. कंट्रोलरमधून येणारा आवाज जोरदार असतो आणि मोबाइलची माइकची वाट नाजूक. आवाज फाटणारच.

तिसरं कारण पटकन लक्षात येत नाही. अनेक साध्या कंट्रोलरमध्ये माइकचा आवाज सरळ स्पीकरला जातो, लॅपटॉपकडे जातच नाही. मैदानात निवेदक खणखणीत ऐकू येतो आणि लॅपटॉपवरून चाललेल्या लाइव्हमध्ये मात्र नुसती गाणी.

उपाय काय?

लाइव्हला वेगळी वायर हवी. मास्टरच्या आउटपुटवरून वायर घेतली, तर डीजेवाल्याने मैदानासाठी मास्टरचं बटण फिरवलं की लाइव्हचा आवाजही हलतो. कंट्रोलरला बूथ आउट असेल तर त्याचं बटण सहसा वेगळं असतं. पण काही कंट्रोलरमध्ये बूथला माइक येत नाही, म्हणून आधी माइकवर बोलून बघावं. खात्रीचा मार्ग म्हणजे मध्ये छोटा मिक्सर ठेवणे. एका चॅनलवर गाणी, दुसऱ्यावर माइक, आणि तिथून यूएसबी साउंड कार्डमार्गे लॅपटॉपला. मोबाइलवरून लाइव्ह असेल तर मोबाइलला चालणारं साउंड कार्ड घ्यावं.

मग गाण्यांची पातळी. जुनी गाणी बारीक असतात, नवे रिमिक्स मोठे. डीजेच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो गेन असतो. गाणी आदल्या दिवशी त्यातून तपासून घेतली तर हा फरक बराच कमी होतो. राहिलेला फरक चॅनलच्या ट्रिमने काढायचा. मीटर हिरव्यात भरलेला, मधूनच पिवळ्यात, आणि लाल दिवा लागूच द्यायचा नाही. एकदा फाटलेला आवाज पुढे कितीही कमी केला तरी फाटलेलाच राहतो.

लॅपटॉपवर ओबीएस हे फुकट सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना कॉम्प्रेसर आणि लिमिटर हे दोन फिल्टर त्यातच मिळतात. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करतो, लिमिटर ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ देत नाही. लिमिटर उणे 3 ते उणे 6 डेसिबलवर ठेवला तरी पुरतो. आवाज एकाच कानात येत असेल तर तिथेच मोनोची खूण करायची.

शेवटची तपासणी मांडवात होत नाही, कारण तिथे हेडफोनमध्येही बेस घुसतो. गावातल्याच एखाद्याने घरी बसून मोबाइलवर ऐकावं आणि फोन करून सांगावं. लाइव्ह काही सेकंद मागे चालतं, हे धरून बटण जरा दमाने फिरवावं.

आवाज अचानक पूर्ण गेला, तर एकदा कॉपीराइटही तपासावा. सिनेमाची गाणी ओळखून यूट्यूब, फेसबुक लाइव्ह अडवू शकतात. तिथे वायर बदलून उपयोग नाही.

मैदानालाही फायदा

वेगळ्या वायरचा आणखी एक फायदा आहे. लाइव्हला नीट ऐकू जावं म्हणून मैदानातला आवाज वाढवायची गरजच उरत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, मोजक्या दिवसांची सवलत सोडली तर. दिवसाही आवाजाला मर्यादा आहेच. मैदानाचा आवाज उतरवला तरी लाइव्ह बघणाऱ्याला फरक पडत नाही.

खरा प्रश्न जबाबदारीचा आहे. डीजेवाल्याची सुपारी मैदानापुरती, शूटिंगवाल्याची कॅमेऱ्यापुरती. लाइव्हचा आवाज कुणाच्याच वाट्याला येत नाही. सुपारी देतानाच घरच्यांनी किंवा यात्रा कमिटीने दोघांना समोरासमोर बसवून वायर कोण आणणार, माइक कुठून जाणार आणि मीटरवर नजर कोण ठेवणार हे ठरवलं, तर नंतर पैसे कापायची वेळ सहसा येणार नाही. कार्यक्रमाआधी अर्धा तास जोडणी तपासायला दोघांनाही मोकळा मिळाला पाहिजे, आणि तो देणं यजमानाच्या हातात आहे.