उन्हाळ्याचा उच्चांक आणि शेतकऱ्याचा हिशेब

पारा अमुक अंशांवर गेला, पूर्वींचे सर्व उच्चांक मोडले, असें वृत्त दर उन्हाळ्यांत वाचावयास मिळतें. लोक तें कुतूहलानें वाचतात व पहिला पाऊस पडतांच विसरून जातात. परंतु शेतकरी बंधूंनीं हे आंकडे केवळ नवल म्हणून पाहूं नयेत, असें आमचें मत आहे. कारण हवामानाच्या नोंदीवर आतां पिकाची भरपाईहि अवलंबून राहूं लागली आहे. नोंद किती मोठी यापेक्षां ती किती खरी, हाच प्रश्न त्यांच्या दृष्टीनें महत्त्वाचा होय. दिल्ली शहराच्या एकाच तारखेच्या, म्हणजे २९ मेच्या, नोंदी पाहिल्या असतां हें सहज ध्यानांत येईल.

दिल्लींत सफदरजंग येथील वेधशाळा प्रमाणभूत समजली जाते. तेथें २९ मे १९४४ रोजीं कमाल तापमान ४७.२ अंश सेल्सिअस नोंदलें गेलें. बरोबर ८० वर्षांनीं, २९ मे २०२४ रोजीं, त्याच ठिकाणीं ४६.८ अंशांची नोंद झाली; ती ७९ वर्षांतील सर्वांत अधिक होती, परंतु जुना उच्चांक तिनेंहि मोडला नाहीं. मात्र त्याच दिवशीं शहराच्या कडेस असलेल्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्रानें ५२.९ अंश हा आंकडा दाखविला. राजस्थानांतील फलोदी येथें १९ मे २०१६ रोजीं झालेली ५१ अंशांची नोंद हा देशाचा उच्चांक. तोहि मागें पडला असें दिसतांच ही वार्ता देशोदेशीं पसरली.

हवामानखात्यानें घाई केली नाहीं, हें योग्यच झालें. त्या दिवशीं दिल्लीच्या इतर भागांतील कमाल तापमान ४५.२ ते ४९.१ अंशांच्या दरम्यान होतें. तेव्हां खात्यानें आपले तज्ज्ञ पाठवून प्रमाणित उपकरणाशीं त्या केंद्राची तुलना करविली. केंद्राचें यंत्र सुमारें ३ अंश अधिक दाखवीत असल्याचें निष्पन्न झालें. दुसऱ्याच दिवशीं, ३० मे २०२४ रोजीं, आपल्या नागपुरांतील एका स्वयंचलित केंद्रानें ५६ अंश दाखविले. तोहि यंत्राचा दोष ठरला.

दोष यंत्राचाच असतो असेंहि नव्हे. लिबियांतील अल् अझीझिया येथें १३ सप्टेंबर १९२२ रोजीं नोंदलेले ५८ अंश हा सुमारें ९० वर्षें साऱ्या जगाचा उच्चांक मानला जात होता. जागतिक हवामान संघटनेनें २०१२ सालीं तो रद्द केला. निरीक्षक नवशिका होता व त्यानें मापकांतील दर्शकाचें भलतेंच टोक वाचलें असावें, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

यावरून कोणी म्हणेल कीं, उष्म्याची ही सारी ओरडच खोटी. तसें मुळींच नाहीं. मुंगेशपूरच्या आंकड्यांतून ३ अंश वजा केले तरी जवळजवळ ५० अंश उरतात. तेवढें ऊन मजुरास, जनावरास व पिकास पुरेसें घातक आहे. उलट १९४४ चा उच्चांक टिकला, म्हणून हवामान पालटलें नाहीं, असें म्हणणेंहि तितकेंच चुकीचें. एका दिवसाचा उच्चांक म्हणजे ऋतूचा स्वभाव नव्हे. २०२२ चा मार्च महिना देशभरांत १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. ऐन दाणा भरण्याच्या वेळीं उत्तरेकडील गहूं उष्णतेनें सुरकुतला व १३ मे २०२२ रोजीं सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. हें नुकसान कोणा एका दिवसानें केलें नव्हतें. तें ओळीनें आलेल्या अनेक तप्त दिवसांनीं केलें. म्हणून शेतीला हवी ती रोजच्या रोज, एकाच जागीं, एकाच पद्धतीनें घेतलेली अखंड नोंद.

ही पद्धति साधी आहे. हवेचें तापमान उन्हांत मोजीत नाहींत. झडपांच्या पांढऱ्या पेटींत, जमिनीपासून सुमारें सव्वा मीटर उंचीवर, मोकळ्या जागीं मोजतात. तेंच यंत्र पत्र्याच्या छपरावर किंवा तापलेल्या भिंतीलगत बसविलें तर तें शिवाराचें तापमान न सांगतां त्या पत्र्याचें व भिंतीचें सांगेल. झाडाच्या दाट सावलींत बसविल्यास चूक उलट दिशेची होईल.

आतां हिशेबाकडे वळूं. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत बागायतदाराची भरपाई, महसूल मंडळासाठीं नेमलेल्या हवामान केंद्राच्या आंकड्यांवर ठरते. तापमान ठराविक मर्यादेपलीकडे ठराविक दिवस राहिलें तरच केळीवाल्यास उष्णतेची भरपाई मिळावयाची. राजधानींतील यंत्र ३ अंशांनीं चुकूं शकतें, तर आडगांवचें यंत्र चुकणारच नाहीं असें कोणी सांगावें? तें कमी दाखवील तर बाग करपूनहि पैसा मिळणार नाहीं. जास्त दाखवील तर खऱ्या दाव्यावरहि संशय येईल. दिल्लीच्या आंकड्याची सारें जग पाहत असल्यामुळें तत्काळ तपासणी झाली. मंडळाच्या आंकड्याची कोण करणार?

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक केंद्राची जागा नियमानुसार आहे कीं नाहीं, हें उन्हाळ्यापूर्वीं पाहावें. यंत्राची दर वर्षीं प्रमाणित उपकरणाशीं तुलना करून तिची तारीख व फरक केंद्रावरच लिहून ठेवावा. रोजचे आंकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. शंका येतांच शेतकऱ्यांच्या समक्ष फेरतपासणी व्हावी.

आपल्याकडूनहि कांहीं घडलें पाहिजे. ज्या पुण्यांत १९३२ सालीं हवामानखात्याचा कृषिविभाग स्थापन झाला, त्या प्रांतांतील शेतकऱ्यास तापमानाची वही अपरिचित राहूं नये. प्रत्येक सोसायटीनें वा शाळेनें एक चांगला मापक योग्य रीतीनें बसवून रोजची नोंद ठेवावी. विम्याच्या कामीं ती वही पुरावा ठरेल असें नव्हे. परंतु केंद्राचा आंकडा कोठें बिघडला हें तिच्यावरून कळेल, आणि तपासणीची मागणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या हातांत तक्रारीबरोबर आंकडेहि असतील.