गिरणगाव पाहायचे, पण कोणत्या दाराने?

मुंबईची भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. महालक्ष्मी आणि वरळीतील आचार्य अत्रे चौक ही स्थानके त्यामुळे थेट आरे आणि दक्षिण मुंबईशी जोडली गेली. एकेकाळी भोंग्याच्या तालावर जागे होणाऱ्या या टापूत आता संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी बाहेरची माणसे अधिक सहजतेने येऊ शकतात. ती येतात ती जेवायला, खरेदीला, चित्रपट पाहायला. गिरणगाव हे मुंबईच्या करमणुकीचे एक मोठे ठिकाण झाले आहे, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. परंतु या करमणुकीत शहराच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न जुना असूनही सुटलेला नाही.

त्याचे उत्तर शोधायला करी रोड स्थानकासारखी जागा नाही. स्थानकातून पश्चिमेला उतरावे तर ना. म. जोशी मार्ग लागतो आणि पुढे लोअर परळचे काचेचे मनोरे, गिरण्यांच्या आवारांतील उपाहारगृहे आणि मॉल. पूर्वेला उतरावे तर थोड्याच अंतरावर लालबाग, चिवडा गल्ली, मसाल्यांची दुकाने आणि गणपतीचे मंडप. दोन्ही बाजूंना पाहण्यासारखे आणि खाण्यासारखे भरपूर आहे. पण दोन्हींचे ग्राहक, भाव आणि भाषा एकमेकांपासून इतक्या दूर आहेत की मध्ये केवळ रेल्वेचे रूळ आहेत, यावर विश्वास बसू नये.

दाराच्या आत

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढील शतकभरात भायखळ्यापासून दादरपर्यंत गिरण्या, चाळी आणि बाजार यांचे एक स्वतंत्र नगरच उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक थंडावल्या आणि कापडापेक्षा त्यांच्या पायाखालची जमीन मौल्यवान ठरली.

या बदलाचे पहिले ठळक रूप फिनिक्स मिलमध्ये दिसले. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या या गिरणीच्या आवारात आज मुंबईतील सर्वाधिक गर्दीच्या बाजारपेठांपैकी एक आहे. उंच चिमणी जागेवर ठेवून भोवती दुकाने, चित्रपटगृहे आणि उपाहारगृहे उभी राहिली. मथुरादास, तोडी, कमला या गिरण्यांच्या आवारांतही जुन्या शेडमध्ये कचेऱ्या, स्टुडिओ, मद्यपानगृहे आणि उपाहारगृहे आली. उंच छत, लोखंडी कैच्या, विटांच्या जाड भिंती असा गिरणीचा सांगाडाच आता सजावट म्हणून मिरवला जातो. जुन्या वास्तूला नवा उपयोग मिळणे वाईट नाही. पाडून टाकण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. अशा शेडमध्ये बसून जेवताना छताकडे एकदा तरी पाहावे. त्या उंचीचे आणि छताच्या झरोक्यांचे कारण साच्यांची खोली, तिथली उष्णता आणि कापसाची उडणारी तूस हे होते.

तथापि, या झगमगाटाची एक काळी बाजू २०१७ मध्ये तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा उघडी पडली. २९ सप्टेंबर रोजी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले. पहिल्या घटनेत गाडीने कामावर येणाऱ्यांचे प्राण गेले, तर दुसऱ्या घटनेत मौजेसाठी आलेल्यांचे. दोन्हींच्या मुळाशी एकच दोष होता. गिरणी कामगार बहुतांशी पायी कामावर जात असे, कारण त्याची चाळ गिरणीच्या सावलीत होती. त्या हिशेबाने आखलेल्या रस्त्यांवर, पुलांवर आणि आवारांत दुसऱ्याच प्रकारचे शहर कोंबले गेले.

दाराबाहेर

पूर्वेकडचे गिरणगाव मात्र वेगळ्या रीतीने टिकून आहे, आणि ते चाखायचे असेल तर वर्षाचा काळ पाहून यावे. दिवाळीच्या आधी चिवडा गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. पोहे, डाळे, शेंगदाणे, फराळाच्या तयार जिनसा घाऊक आणि किरकोळ भावाने घ्यायला उपनगरांतूनही लोक येतात. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, मसाल्याच्या दुकानांपुढे गर्दी लोटते. मिरच्या निवडायच्या, धणे, दगडफूल, तमालपत्र वजन करून घ्यायचे आणि तिथेच भाजून, कांडून वर्षाचा मसाला घरी न्यायचा, हा क्रम अनेक घरांत अजून मोडलेला नाही. मालवणी मसाला वेगळा, घाटी वेगळा, आगरी-कोळी वेगळा. गिरणगावात कोण कोण कुठून आले होते, याची ही जणू शिरगणतीच आहे.

ही माणसे आली तेव्हा बहुतेक एकटी होती. बायका-मुले कोकणात किंवा घाटावर आणि पुरुष चाळीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा. त्याच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बायांनी केली. आपल्याच खोलीत वीस-पंचवीस जणांचे जेवण रांधणाऱ्या या स्त्रिया सावकाराच्या व्याजात अडकलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना बँकेच्या कर्जाचा मार्ग खुला केला. आज परळ-लालबाग-दादर भागात बांगडा, सुरमई, तिसऱ्या, कोंबडी-वडे आणि सोलकढी यांसाठी ज्या मालवणी खानावळी नावाजल्या जातात, त्यांच्यामागे खोलीतल्या त्या चुलीची परंपरा आहे. वडापावची कथाही याच भागातली. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर त्याचा जन्म झाला, असे मानले जाते. चालता चालता पोट भरणारे आणि खिशाला परवडणारे हे खाणे कामगारांनी उचलून धरले.

गणेशोत्सव हा तर गिरणगावचा मानबिंदू. चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, गणेश गल्लीचे १९२८ चे आणि ‘लालबागचा राजा’ १९३४ चा. बाजारासाठी कायमची जागा मिळावी म्हणून कोळी आणि व्यापाऱ्यांनी केलेल्या नवसातून ‘राजा’ची स्थापना झाली. आज देशभरातून लोक त्याच्या रांगेत उभे राहतात. जागेसाठी केलेल्या नवसाचा गणपती जागेच्याच टंचाईने गांजलेल्या वस्तीत बसतो, यातला योगायोग बोलका आहे.

नाटक-गाण्याची बाजू मात्र दुबळी होत चालली आहे. सोशल सर्व्हिस लीगच्या परळ येथील दामोदर नाट्यगृहाने कामगार रंगभूमीला आणि कोकणातील नमन, दशावताराच्या प्रयोगांना अनेक दशके आसरा दिला. २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी ते बंद झाले, तेव्हा कलावंतांना आंदोलन करावे लागले. तिकिटाचा दर परवडणारी आणि प्रेक्षक चाळीतून चालत येणारी अशी रंगमंदिरे मुंबईत मुळात किती उरली आहेत?

सर्वांचे काय?

दाराच्या आत पैसे मोजून जे मिळते ते आहे. दाराबाहेर लोकांनी स्वतःच्या बळावर टिकवलेले आहे. या दोहोंच्या मध्ये जे असायला हवे होते, म्हणजे कुणालाही बसता येईल अशी बाग, मुलांना मैदान, शहराच्या इतिहासाचे संग्रहालय, कामगारांची घरे, ते शोधावे लागते. हा अपघात नव्हे. त्यामागे नियमातील एका दुरुस्तीचा इतिहास आहे.

मुंबईतील गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा झाल्यास ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला मिळायची होती. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, तर बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच राहिली. उदाहरणाने सांगायचे तर १५ एकरांच्या गिरणीत १२ एकरांवर शेड असतील, तर जुन्या नियमाने शहराला पाच आणि म्हाडाला पाच एकर मिळाले असते. नव्या नियमाने वाटणीला उरले तीन एकर. म्हणजे दोघांच्या पदरी जेमतेम एकेक.

या दुरुस्तीविरुद्ध जनहित याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये याचिकाकर्त्यांच्या बाजूने कौल दिला; सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो फिरवला. त्याच सुमारास राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव गाजत होते. २००५ मध्ये मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटी रुपयांना विकली गेली. तीच जमीन २०१२ मध्ये सुमारे २,७०० कोटींना पुन्हा हातोहात गेली. सात वर्षांत जवळपास चौपट झालेल्या या भावापुढे बागेचा विचार कोण करणार?

घरांची कहाणीही तशीच. गिरणी कामगार व त्यांच्या वारसांचे पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये ६,९२५ घरांची निघाली. २०१६ आणि २०२० च्या सोडती धरूनही एकूण आकडा सोळा हजारांच्या आतच राहिला. उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणी येथील घरांचा पर्याय पुढे आला, तेव्हा ९ जुलै २०२५ रोजी कामगारांचे वारस आझाद मैदानात उतरले. ज्यांच्या वाडवडिलांनी हा परिसर घडवला, त्यांना मुंबईबाहेर, कर्जतच्या वाटेवर धाडले जात असेल, तर त्यांचा संताप समजण्याजोगा आहे. उलट, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतींत ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. जमीन सरकारच्या हातात असेल आणि इच्छा असेल, तर माणसे न हलवताही पुनर्विकास होऊ शकतो, हे यातून दिसले.

जगातील इतर औद्योगिक नगरांनाही हा पेच पडला होता. जर्मनीतील एसेन येथील त्सोलफराईन ही प्रचंड कोळसा खाण १९८६ मध्ये बंद पडली. तिथल्या राज्य सरकारने जमीन विकत घेतली, वास्तू राखल्या आणि २००१ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. कोळसा धुण्याच्या कारखान्यात आज संग्रहालय आहे आणि पाहुण्यांना खाण दाखवणाऱ्यांत पूर्वीचे खाणकामगारही असतात. तिथेही उपाहारगृहे आहेत, कार्यक्रम होतात, पैसाही येतो. परंतु आधी जागा सार्वजनिक झाली आणि मग तिच्यात व्यवसाय आला. मुंबईत हा क्रम उलटा राहिला.

तरीही सर्व संधी हातच्या गेलेल्या नाहीत. काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला, तो दशकाहून अधिक काळ रेंगाळला आहे. संग्रहालय म्हणजे केवळ कारंजे आणि भित्तिचित्रे नव्हेत. साचा चालताना कसा आवाज करतो, बदली कामगार दाराशी कसा ताटकळे, खानावळवालीचा हिशेब कसा असे, हे सांगू शकणारी माणसे अजून लालबाग-परळच्या चाळींत आहेत. त्यांची वये मात्र सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांच्याकडून ऐकून घेण्याचे काम इमारत पूर्ण होईपर्यंत थांबवता येणार नाही.

दुसरी संधी महामंडळाच्या उरलेल्या गिरण्यांची. टाटा, पोद्दार, दिग्विजय आणि इंडिया युनायटेड क्रमांक ५ या मुंबईतील गिरण्यांचे साचे मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबले ते थांबलेच. ही जमीन सार्वजनिक मालकीची आहे. तिच्यावर मैदान, नाट्यगृह, कामगारांची घरे आणि मसाल्या-फराळाच्या व्यावसायिकांना परवडणारे गाळे यांना आधी जागा ठेवायची की पुन्हा सर्वाधिक बोलीलाच ती सोपवायची, हा निर्णय केंद्र, राज्य आणि महापालिका यांनी मिळून घ्यायचा आहे. १९९१ चा एक तृतीयांशचा हिशेब इथे लागू करायला न्यायालयाचा कोणताही निकाल आड येत नाही. मालक सरकारच असल्याने त्यासाठी मन वळवायचे आहे तेही सरकारचेच.