घोड्याची शेपटी आणि सुरूची काडी

मागच्या महिन्यात नववीतला एक मुलगा मूठभर हिरव्या काड्या घेऊन आला. “सर, पुस्तकातलं इक्विसेटम मिळालं! नानीला मुतखडा आहे. अम्मी काढा करणार आहे.” या ‘घोड्याच्या शेपटी’चा काढा मुतखड्यावर चालतो, असा संदेश कुणीतरी मोबाइलवर पाठवला होता.

आम्ही काड्या हातात घेतल्या. त्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या होत्या. मुलाला हसण्यासारखे काही नव्हते. सुरूच्या शास्त्रीय नावातच ‘इक्विसेटिफोलिया’, म्हणजे इक्विसेटमसारखी पाने असलेले, असा शब्द आहे. दोन्हींच्या काड्यांना पेरे असतात आणि पेरापेराशी बारीक दाते. पण सुरू हा उंच वृक्ष, त्याचे खोड लाकडाचे. इक्विसेटम नेच्यांच्या गोतातले. त्याला ना फूल, ना बी.

रविवारी मुलांना ओढ्यावर नेले. पाण्याच्या कडेला, ओल्या वाळूत खरे इक्विसेटम उभे होते. आपल्याकडच्या या जातीचे नाव रॅमोसिसिमम. खूण सोपी आहे: खोडावर उभ्या रेघा, बोट फिरवले की खरखर. ही खरखर सिलिकाची. म्हणूनच काही देशांत पूर्वी त्याने भांडी घासत. खोड पेरावर ओढले की सुटते आणि आतून पोकळ दिसते. प्रत्येक पेराला चिकटलेल्या पानांची दातेरी नळी असते. हिरव्या खोडाच्याच टोकाला छोटे टोकदार कणीस येते, त्यात बीजाणू असतात.

औषधांच्या पुस्तकांतले इक्विसेटम बहुधा वेगळे: आर्वेन्स. ते थंड मुलखातले, आपल्या देशात काश्मीर-हिमालयाकडे आढळते. वसंतात आधी त्याचे तपकिरी, कणीसवाले खोड उगवते. मागाहून हिरवे, झुपकेदार खोड येते, त्याला कणीस नसते. युरोपच्या दलदलीत पॅलुस्ट्रे नावाची तिसरी जात आहे, ती गुराढोरांना विषारी. औषधी म्हणवल्या जाणाऱ्या आर्वेन्समध्येही शरीरातले ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. नाव एकच, पण गुण निरनिराळे.

सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी याच कुळातली झाडे वृक्षाएवढी वाढत. आज एवढीशी काडी उरली आहे. अल्लाहची ही निशाणी मुले बराच वेळ न्याहाळत बसली.

संध्याकाळी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. अम्मींनी काढ्याचे भांडे चुलीवर ठेवलेलेच होते. आम्ही सगळे सांगितले. नानी म्हणाल्या, “मास्तर, झाडपाला कधी नुकसान करतो का?” आम्ही म्हणालो, “नानी, धोतराही झाडपालाच आहे.” त्या गप्प झाल्या. भांडे उतरले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेले.

इलाज करून घ्या, ही रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण आहे. पण बहिणींनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाती पेला देण्याआधी त्यात काय उकळले आहे, हे जाणत्याला दाखवून घ्या.