मुलांना मराठी रहस्यकथा द्या!

मंडळी, स्पष्टच बोलते. रविवारच्या मराठी शाळेत मुलं वाचायला शिकतात, पण घरी मराठी पुस्तक हातात धरत नाहीत. कारण आपण देतो बोधकथा, आणि त्यांना हवा असतो थरार! इंग्रजी थ्रिलरचा फडशा पाडणाऱ्या टीनएजरला भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ देऊन बघा. वाटल्यास आधी २०१७ चा सिनेमा दाखवा. वाचन जड गेलं तर तुम्ही वाचून दाखवा, ऐन रंगात थांबा. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांपैकी काही तर आजी-आजोबांनीच चोरून वाचल्या असतील. मग फोनवर “जेवलास का?”च्या पुढे बोलायला विषय मिळेल. संस्कार होतील हो, आधी मराठीची गोडी लागू दे!