चंचल मुलाच्या ताटात काय आहे?

रनाळे (जि. नंदुरबार) : वर्गात एका जागी न बसणारे, हाती घेतलेले काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे धावणारे मूल शहरात आता बालमानसतज्ज्ञांकडे नेले जाते. तेथे त्याच्या वागण्याला 'एडीएचडी' हे नाव मिळते, म्हणजे अवधान टिकवण्यातील अडचण आणि तिच्या जोडीला बहुधा अतिचंचलता. नंदुरबार-दोंडाईचा मार्गावरील रनाळ्यासारख्या गावात तेच मूल 'वांड' ठरते आणि मागच्या बाकावर जाऊन बसते. नाव मिळो वा न मिळो, पालकांचा एक प्रश्न दोन्हीकडे सारखाच असतो : याच्या खाण्यात तर काही बिघडत नाही ना? या प्रश्नाचे उत्तर मात्र मुंबई-पुण्यात एक आणि रनाळ्यात दुसरे येते.

हा प्रश्न प्रथम गाजला तो अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्को येथील अॅलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी १९७० च्या दशकात कृत्रिम रंग आणि स्वाद यांना मुलांच्या चंचलतेसाठी जबाबदार धरले. १९७५ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि हजारो घरांतून रंगीत गोळ्या-सरबते हद्दपार झाली. त्यांचा दावा पुढच्या चाचण्यांत त्या प्रमाणात टिकला नाही. पण तो पूर्णतः खोटाही ठरला नाही. सप्टेंबर २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या साउदम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात ३ वर्षांची आणि ८-९ वर्षांची मिळून सुमारे ३०० मुले होती. ती निदान झालेली नव्हे, तर सर्वसाधारण मुले होती. कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेले पेय घेतल्यावर त्यांच्यातील चंचलता काहीशी वाढल्याचे आढळले. वाढ किरकोळ होती आणि प्रत्येक मुलात सारखी नव्हती. तरीही युरोपीय संघाने जुलै २०१० पासून त्या अभ्यासातील सहा रंग असलेल्या पदार्थांवर मुलांच्या अवधानावर विपरीत परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापणे बंधनकारक केले. या सहांपैकी टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो फोर-आर हे चार रंग भारतातील परवानगीप्राप्त रंगांच्या यादीत आहेत. आपल्याकडे प्रमाणाची मर्यादा आहे, तसा इशारा नाही. शिवाय ही मर्यादा कारखान्यातल्या पाकिटाला लागू पडते. आठवडे बाजारातली जिलेबी किंवा शाळेच्या फाटकापाशी मिळणारा बर्फाचा गोळा यांत किती आणि कोणता रंग पडला, हे मोजायला कोण जातो?

साखरेची गोष्ट वेगळी. गोड खाल्ले की मूल उधळते, अशी समजूत जगभर आहे. १९९४-९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काटेकोर चाचण्यांत आणि त्यांच्या एकत्रित विश्लेषणात तिला आधार मिळाला नाही. १९९४ मधील एका प्रयोगात सर्व मुलांना साखरविरहित पेय देण्यात आले. मात्र काही मातांना त्यात साखर असल्याचे सांगितले गेले. त्या मातांना आपली मुले अधिक चंचल वाटली! साखरेचे अन्य तोटे आहेतच, पण चंचलतेचे खापर तिच्यावर फोडता येत नाही.

त्यानंतरचा मोठा दावा नेदरलँड्समधून आला. २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या १०० मुलांपैकी निम्म्यांना पाच आठवडे तांदूळ, मांस, ठराविक भाज्या, नासपती आणि पाणी अशा मोजक्या अन्नावर ठेवले गेले. या गटातील सुमारे ६४ टक्के मुलांमध्ये लक्षणीय सुधारणा दिसली. आक्षेप एवढाच की, मूल काय खाते आहे हे पालकांना ठाऊक होते आणि सुधारणेची साक्षही मुख्यतः त्यांचीच होती. माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांचा लाभही अल्प आहे. औषधाची जागा ते घेऊ शकत नाहीत. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे, हेही विसरून चालणार नाही. 'अमुक बंद करा, मूल शांत होईल' असे सांगणाऱ्यांपासून शहरी पालकांनी सावध राहावे ते यासाठीच.

ही सारी चर्चा ताटातून काय काढायचे याची आहे. नंदुरबार जिल्ह्यात प्रश्न ताटात काय पडतच नाही, हा आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार या जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची होती. राज्यात ६ ते ५९ महिने वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी आढळली. चौथ्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५३.८ टक्के होते. कुपोषण म्हटले की धडगाव आणि अक्कलकुव्याचे नाव येते. तापीच्या अलीकडची रनाळ्यासारखी सपाटीवरची गावे त्या बातम्यांत क्वचितच दिसतात. मात्र शेतमजुराच्या घरातील न्याहारी सातपुड्यातही आणि सपाटीवरही बहुधा चहा आणि कालची भाकरी हीच असते. बाजरीत लोह असते, पण धान्यातील फायटेट ते सहजासहजी शरीराला मिळू देत नाही आणि सोबतचा चहा त्यात आणखी अडथळा आणतो. लिंबाची एक फोड हे शोषण सुधारू शकते. हा उपाय महागडा नाही. तो सांगितला मात्र फारसा जात नाही.

लोहाचा आणि अवधानाचा संबंध केवळ अशक्तपणापुरता नाही. मेंदूत डोपामाइन तयार करणाऱ्या विकराला लोह लागते आणि एडीएचडीवरील मिथाइलफेनिडेटसारखी औषधे याच डोपामाइनच्या यंत्रणेवर काम करतात. पॅरिसमधील संशोधकांनी २००४ मध्ये एडीएचडी असलेल्या मुलांत फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, कमी असल्याचे नोंदवले. २००८ मध्ये त्यांनीच लोहाच्या गोळ्यांची चाचणी केली. निष्कर्ष आशादायक होता, पण त्यात मुले अवघी २३ होती. त्याहून जवळचे काम बडोद्याचे. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात शेषाद्री आणि गोपालदास यांनी रक्तक्षयी मुलांना लोहाच्या गोळ्या देऊन बौद्धिक चाचण्यांतील सुधारणा मोजली आणि ती १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. हे मूल नंदुरबारच्या मुलाचे शेजारी होते, पॅरिसचे नव्हते.

याहून अस्वस्थ करणारी नोंद कॅरिबियन बेटांवरील बार्बाडोसची आहे. जेनिना गॅलर आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षात तीव्र कुपोषण भोगलेल्या, पण नंतर पोटभर अन्न मिळून वजन-उंची सावरलेल्या मुलांचा पाठपुरावा केला. शालेय वयात अवधानातील अडचण अशा ६० टक्के मुलांत आढळली. कुपोषण न भोगलेल्या मुलांत १५ टक्के. प्रौढ वयातही हा फरक पुसला गेला नाही. पाच वर्षांच्या सुमारास मुलाचा मेंदू विश्रांत शरीराच्या ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक ऊर्जा एकटाच वापरतो. त्या वयापूर्वी झालेली उपासमार वजनकाट्यावरून नाहीशी होते, वर्गात मात्र दिसत राहते.

मग शाळेतले अन्न निरुपयोगी का? तसे नाही. पण जमैकातील १९९६ च्या एका अभ्यासाने येथेही एक गाठ दाखवली. ग्रामीण शाळांत मुलांना न्याहारी दिल्यावर नीट चालणाऱ्या शाळेतील मुले कामात अधिक रमली. खचाखच भरलेल्या, साधने नसलेल्या शाळांत मात्र ती उलट अधिक बोलू आणि हलू लागली. पोट भरलेल्या मुलाला अंगात आलेली शक्ती लावायला काही नव्हते! पोषण आहाराचा आणि अध्यापनाचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवणाऱ्या यंत्रणेने हा निष्कर्ष वाचायला हवा.

राज्यात योजनांची उणीव नाही. पीएम पोषण योजनेत प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने देण्याचा निकष आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे किंवा केळी देण्याचा निर्णय झाला; जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा राज्याचा निधी थांबवून ते लोकसहभागावर सोपवले गेले. लोकसहभाग उभा राहील तेथे अंडे राहील, आणि गरज सर्वाधिक असलेल्या गावातच तो उभा राहणे अवघड, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. लोहाच्या साप्ताहिक गोळ्या २०१८ पासूनच्या 'अॅनिमियामुक्त भारत' मोहिमेत आहेत. भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल आढळतो, त्यामुळे फिकट दिसणाऱ्या प्रत्येक मुलाला लोह पुरेल असे मानणे धोक्याचे; आधी रक्ततपासणी हवी.

निदानाची बाजूही लंगडी आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत एडीएचडीचा समावेश आहे. तथापि एका दिवसात संपूर्ण शाळा तपासणाऱ्या पथकाला मुलाचे दात दिसतात, त्याचे लक्ष भरकटणे दिसेलच असे नाही. मुकाट्याने खिडकीबाहेर पाहणारी मुलगी तर मुळीच दिसत नाही. उपाशी मुलाला एडीएचडीचा शिक्का बसणे आणि एडीएचडी असलेल्या मुलाची 'खायला द्या, सुधारेल' म्हणून बोळवण होणे, अशा दोन्ही चुका येथे संभवतात. फेरिटिनची एक तपासणी आणि शिक्षकाने सहा महिने ठेवलेली साधी नोंद यातून बराच उलगडा होऊ शकतो.

अडचण सहा महिन्यांचीच आहे. दिवाळीनंतर जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मुले बरोबर जातात. त्यांचे नाव हजेरीपटावर, गोळ्यांच्या यादीत आणि पोषण आहाराच्या नोंदवहीत गावातच राहते.