गुपित फुटतं, जबाबदारी कुणाची?

वसई-विरार पालिकेकडे माहिती अधिकारात साधी फाइल मागा, कायद्यानेच ३० दिवसांपर्यंत थांबावं लागू शकतं. सरकारची गोपनीय माहिती मात्र सहज बाहेर येते! आठवतंय? मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पोलीस बदल्यांबाबतचा ६.३ जीबी डेटा केंद्रीय गृहसचिवांकडे सोपवला. आपण बदल्यांमधला भ्रष्टाचार उघड केला, असं त्यांचं म्हणणं. राज्य गुप्तवार्ता विभागाच्या तक्रारीवरून १९२३ च्या गोपनीयता कायद्याखाली अज्ञातांवर गुन्हा नोंदवला गेला. २०२२ मध्ये सत्ता बदलली, तपास सीबीआयकडे गेला. मित्रांनो, कागद कुणी फोडले आणि बदल्यांमध्ये खरंच पैसे फिरले का, दोन्ही प्रश्न आपलेच आहेत. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारा. पक्ष बघू नका.