प्रतिस्पर्धी की शत्रू?

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. मी केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. 'एकोणसत्तर' म्हणजे किती, हे अजूनही मनात हिशेब करून काढते. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि मुद्दा तेवढा बघा.

शाळेतल्या क्विझमुळे मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्या तिन्ही लढतींच्या तारखा मला पाठ होत्या. ८ मार्च १९७१, २८ जानेवारी १९७४, १ ऑक्टोबर १९७५. पहिली फ्रेझरने जिंकली, पुढच्या दोन अलीने. क्विझला एवढं पुरायचं. पण या तारखांच्या मध्ये काय घडलं, ते कळलं खूप नंतर.

व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला अलीने १९६७ मध्ये नकार दिला. किताब गेला, तीन-साडेतीन वर्षं रिंगही बंद झाली. त्या काळात त्याच्या पाठीशी उभा राहिला तो फ्रेझर! त्याने अलीला पैशांची मदत केली, परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला. आणि लढत ठरल्यावर अलीने त्याला काय म्हटलं? गोऱ्यांचा हुजऱ्या! शेतमजुरी केलेल्या घरातून आलेल्या माणसाला! १९७५ मध्ये तर सगळ्या जगासमोर 'गोरिला' म्हटलं. लोक हसले. युद्धावरून अमेरिका आधीच दुभंगलेली होती. युद्धविरोधक अलीचे झाले, उरलेल्यांनी फ्रेझरला न विचारताच आपला करून टाकलं. त्याच्या मुलांना शाळेत चिडवलं गेलं, ते वेगळंच.

आता यात टीव्हीचं काम बघा. १९७१ ची लढत घरच्या टीव्हीवर नव्हतीच, थिएटरात तिकीट काढून बघायची होती. दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले. म्हणजे जितकी भांडणं, तितकी तिकिटं. १९७४ च्या लढतीआधी तर दोघं टीव्ही स्टुडिओत जुन्या लढतीची फिल्म बघता बघता एकमेकांच्या अंगावर गेले आणि दंड भरून मोकळे झाले. १९७५ ला मनिलात लढत ठेवली सकाळी, भयंकर उकाड्यात. का? तर अमेरिकेत तेव्हा प्राइम टाइम! याच लढतीने एचबीओने उपग्रहावरून प्रक्षेपण सुरू केलं. ईअँडटीसीवाल्यांनो, आपल्या घरच्या शंभर चॅनेल्सचं मूळ शोधायला निघालात तर वाटेत ही लढत लागते. चौदा राऊंडनंतर फ्रेझरचे डोळे इतके सुजले होते, की त्याच्या ट्रेनरनेच पंधराव्या राऊंडला त्याला उठू दिलं नाही.

हे सगळं मला ठाऊक, पण हर्षवर्धन सदगीर कोण ते ठाऊक नव्हतं! मूळचा अकोले तालुक्यातला, पण तालीम केली आपल्या भगूरला. ७ जानेवारी २०२० ला बालेवाडीत तो महाराष्ट्र केसरी झाला, नाशिकचा पहिला. अंतिम फेरीत समोर होता लातूरचा शैलेश शेळके. दोघं पुण्यात काका पवारांच्या एकाच तालमीत सराव करणारे. निकाल ३-२, म्हणजे एका गुणाचा फरक. आणि जिंकल्यावर हर्षवर्धनने काय केलं? हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं!

पण खरं सांगा, तुमच्या मोबाईलवर यातलं काय आलं? माझ्याकडे आली ती फेब्रुवारी २०२५ ची अहिल्यानगरची क्लिप, शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली ती. पाठ टेकलीच नव्हती, हे त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं होतं, असं मलाही वाटतं. पण त्याचं म्हणणं मागे पडलं आणि लाथ दिवसभर फिरत राहिली. त्या वर्षी किताब पृथ्वीराज मोहोळने जिंकला, हे मी कितीजणांना विचारलं! मोजक्यांनाच माहीत होतं.

टीव्हीला नावं ठेवणं सोपं आहे हो. पण बघणारे आपणच ना? आणि कधी कधी करणारेसुद्धा.

मागच्या गॅदरिंगमधल्या डिबेटमध्ये माझ्यासमोर आमच्याच वर्गातला एक मुलगा होता. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला, सिन्नरकडच्या गावचा. एम-थ्री मध्ये माझी केटी लागली नाही ती केवळ त्याच्यामुळे, परीक्षेच्या आदल्या रात्री अकरापर्यंत त्याने फोनवर लाप्लास शिकवला होता. त्याचे मुद्दे माझ्यापेक्षा चांगले होते. मला उत्तर सुचेना. मग मी स्टेजवर त्याच्या इंग्लिश उच्चारांची नक्कल केली. हॉल डोक्यावर घेतला पोरांनी! मी जिंकले. रात्री व्हिडिओ ग्रुपवर आला आणि त्याच्यावर हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. त्यानंतर तो माझ्या बेंचच्या आसपास बसला नाही.

अलीने माफी मागितली ती २००१ मध्ये, तीही वर्तमानपत्रातून. आपल्याला समोर येऊन सांगायला हवं होतं, असं फ्रेझरचं म्हणणं होतं. २०११ मध्ये फ्रेझर गेला, तेव्हा आजारी अली अंत्यविधीला हजर होता. पण तोवर फार उशीर झाला होता.

म्हणून हा लेख संपादकांना द्यायच्या आधी मी त्या मुलाला वाचायला दिला आणि कॅन्टीनमध्ये समोर बसून 'सॉरी' म्हटलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "छाप. पण माझं नाव नको."

नाव नाही टाकलं. मित्रांनो, स्पर्धा जरूर करा, एका गुणाने जिंका. पण समोरचा आहे म्हणून आपली कुस्ती आहे, एवढं विसरू नका. आणि तो व्हिडिओ कुणाच्या मोबाईलमध्ये अजून असेल, तर प्लीज, डिलीट करा.